सातबाऱ्यावरचा शिक्का: पुणे जिल्ह्यातील आमदारांना खुले पत्र

प्रति,
पुणे जिल्ह्यातून महाराष्ट्र विधिमंडळावर निवडून गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

सादर नमस्कार.

आपण ज्या जिल्ह्यातून निवडून गेला आहात, त्या जिल्ह्यात जमिनीविषयी बोलताना एक शब्द पुरेसा होतो. ‘सातबाऱ्यावर शिक्का पडला,’ असे कोणी म्हटले की ऐकणारा उरलेले स्वतःच ओळखतो: या माणसाला आता जमीन विकता येणार नाही, बँक तिच्यावर कर्ज देणार नाही, भावाभावांत वाटप करायचे तर तलाठ्यापासून प्रांतापर्यंत प्रत्येक जण ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवणार, आणि हे किती वर्षे चालेल ते कोणीच सांगू शकणार नाही. शिक्का कधी एमआयडीसीचा असतो, कधी रिंगरोडचा, कधी धरणाच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी राखून ठेवल्याचा. शहराच्या हद्दीत त्यालाच ‘आरक्षण’ म्हणतात. शिक्का मारण्यासाठी सरकारला एक रुपयाही मोजावा लागत नाही, आणि म्हणूनच तो उठवण्याची सरकारला कधी घाई नसते.

हे पत्र मी दोन मागण्यांसाठी लिहीत आहे. केंद्राच्या २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याला महाराष्ट्रापुरती बगल देणारी २०१८ ची दुरुस्ती आपण मागे घ्यावी, आणि कोणत्याही जमिनीवरचा शिक्का ठरलेल्या मुदतीनंतर, मालकाने काहीही न करता, आपोआप उठेल अशी तरतूद करावी. मी कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता नाही आणि विकासकामांना माझा विरोधही नाही. माणसाने कष्टाने मिळवलेली किंवा वडिलोपार्जित वस्तू त्याच्या संमतीवाचून कोणी घेऊ नये, आणि सरकारला हा नियम इतरांपेक्षा अधिक कडकपणे लागू व्हावा, एवढेच माझे राजकीय मत आहे.

माझ्या वडिलांच्या नावावर बावीस गुंठे जमीन होती. गाव तेव्हा शहराबाहेर होते, पुढे हद्दीत आले आणि विकास योजनेत त्या जमिनीवर क्रीडांगणाचे आरक्षण पडले. संबंधित कार्यालयाचे नाव मी घेत नाही, कारण तक्रार त्या कार्यालयातल्या माणसांविषयी नाही. त्यांना तसे वागू देणाऱ्या कायद्याविषयी आहे. वडील दर दोन-तीन महिन्यांनी फाइल घेऊन जात आणि प्रस्ताव विचाराधीन असल्याचे ऐकून परत येत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात कलम १२७ नावाची एक वाट आहे, हे त्यांना एकोणीस वर्षांनी एका वकिलांकडून कळले. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपले असे समजावे, असे हे कलम सांगते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, मग बारा झाली, आणि २०१५ पासून चोवीस महिन्यांची आहे. मुदत दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा सरकारला अधिक सवड मिळाली.

वडिलांनी नोटीस दिली. तेविसाव्या महिन्यात उत्तर आले की संपादनाचा प्रस्ताव वरच्या कार्यालयाकडे पाठवला आहे. नुसत्या प्रस्तावाला ‘पाऊल’ म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात २००७ सालीच सांगितले होते. पण तोच निर्णय आपल्यालाही लागू होतो हे वदवून घेण्यासाठी वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले असते, आणि तोवर ते एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. ते गेले नाहीत. क्रीडांगण झाले नाही, मोबदला मिळाला नाही आणि त्या बावीस गुंठ्यांत आजही गवत वाढते आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात तेहतीस वर्षे आरक्षणाखाली अडकवून ठेवलेल्या जमिनीबद्दल स्पष्ट म्हटले की मालकाला अशा रीतीने अनिश्चित काळ आपल्या जमिनीच्या वापरापासून वंचित ठेवता येत नाही. निर्णय वाचून मला समाधान वाटायला हवे होते. वाटले ते एवढेच, की तेहतीस वर्षे टिकून राहण्याची आणि दिल्लीपर्यंत लढण्याची ऐपत असलेल्या मालकालाच हा न्याय मिळू शकतो. ज्याला कलम माहीत नाही, ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, त्याचे आरक्षण योजना सुधारताना पुढच्या नकाशात जसेच्या तसे ओढले जाते.

ऐपत असलेल्यांचीही गत काय होते, ते पाषाणच्या प्रकरणात दिसले. पाषाण येथील चोवीस एकर अडतीस गुंठे जमीन एका कुटुंबाने १९५० साली खरेदी केली. १९६३ साली राज्य सरकारने तिचा ताबा घेतला आणि ती पुढे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडे गेली. कुटुंबाने दावा लावला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकला. एवढे झाल्यावर सरकारने पर्यायी जमीन दिली, ती निघाली वनजमीन. म्हणजे ज्यांची जमीन नियमबाह्य रीतीने घेतली, त्यांना बदल्यात देण्याचा अधिकार नसलेली जमीन देऊन सरकार मोकळे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये मोबदल्याच्या आकड्यावरून चालढकल सुरूच राहिल्यावर न्यायालयाचा संयम संपला आणि योग्य रक्कम ठरली नाही तर लाडकी बहीणसारख्या योजना थांबवण्याचा आदेश देऊ, असा इशारा खंडपीठाने दिला. वर्तमानपत्रांत मथळा योजनेचा झाला आणि एकसष्ट वर्षे मागे पडली. कोणत्या भगिनीला किती पैसे मिळावेत, हा प्रश्न येथे नाही. ज्याची वस्तू घेतली त्याचे देणे आधी द्यावे आणि मग उरलेल्या पैशातून उदार व्हावे, हा व्यवहार आपल्या घराघरांत पाळला जातो. शासनाला त्यातून सूट का असावी, हे मला कधीही समजलेले नाही.

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. आपल्यापैकी अनेक जण सेनापती बापट रस्त्यावरून रोज जात असाल. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती मुळशीच्या सत्याग्रहात. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले आणि १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी काम थांबवले. इंग्रज सरकारने तेव्हा वापरलेला कायदा १८९४ चा होता. कंपनीसाठी सक्तीने जमीन घ्यायची आणि त्याला सार्वजनिक हित म्हणायचे, ही सोय त्याच कायद्यात होती. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि हरला. बापट तुरुंगात गेले, गावे पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. ज्यांनी ते राज्य घालवले, त्यांनी तो कायदा मात्र स्वतंत्र भारतात तब्बल सहासष्ट वर्षे वापरला. दरम्यान संविधानातला मालमत्तेचा मूलभूत हक्कही १९५१ पासून एकेका घटनादुरुस्तीने झिजत गेला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने पूर्णपणे संपला. उरले ते अनुच्छेद ३०० क, जे एवढेच सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. हा हक्क काढला जमीनदार आणि संस्थानिक यांच्या नावाने. त्याची किंमत मोजली ती दोन-चार एकरांच्या खातेदाराने, कारण बड्या मालकाला मंत्रालयात ओळख असते आणि छोट्याला फक्त कायद्याचा आसरा असतो. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शरद जोशी हे आयुष्यभर सांगत राहिले. तेव्हा त्यांना शेतकऱ्यांचे नेते म्हणून मान मिळाला, पण त्यांच्या या म्हणण्याकडे सभागृहाने कधी गांभीर्याने पाहिले नाही.

२०१३ साली संसदेने ब्रिटिश कायदा रद्द करून नवा आणला, तेव्हा चित्र बदलेल असे वाटले. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के कुटुंबांची आगाऊ संमती, प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचा आधी अभ्यास, बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, अशा अटी त्यात होत्या. तो कायदा परिपूर्ण नव्हता. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमतीची अट त्यात नव्हतीच. तरीही ‘आधी विचारा’ हे तत्त्व पहिल्यांदा कागदावर आले होते. महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून राज्याचे चार कायदे त्या छत्राबाहेर नेले: महामार्गांचा, औद्योगिक विकासाचा १९६१ चा, नगररचनेचा आणि म्हाडाचा. मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी अधिसूचना काढून लागू करायच्या. संमती आणि परिणामांचा अभ्यास मात्र वगळायचा. या राज्यात जमीन घेण्याची बहुतेक मोठी कामे याच चार दारांतून होतात, त्यामुळे २०१३ च्या कायद्याचा गाभा महाराष्ट्रापुरता बाजूला पडला. २०१८ नंतर राज्यातले सर्व मोठे पक्ष आळीपाळीने सत्तेत येऊन गेले आणि एकानेही ही दुरुस्ती मागे घेतली नाही, म्हणून हे पत्र मी सर्व पक्षांच्या सदस्यांना लिहीत आहे.

पुरंदरच्या विमानतळाचे उदाहरण घ्या. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, पारगाव आणि खानवडी या सात गावांची जमीन घेण्यासाठी कायदा निवडला गेला तो औद्योगिक विकासाचा. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, लाठीमार झाला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. त्यानंतर क्षेत्र कमी केले गेले, संमतीपत्रे मागवली गेली, संमती देणाऱ्यांसाठी १० टक्के विकसित भूखंडाचा परतावा जाहीर झाला आणि बहुसंख्य खातेदारांनी संमती दिली. प्रशासन हे यश मानते, आणि ज्यांनी राजीखुशीने जमीन दिली त्यांच्या निर्णयाचा मी आदर करतो. जमीन विकण्याचे स्वातंत्र्य हेही मालकीतच येते. पण एक गोष्ट मला बोलून दाखवावीच लागेल. जमीन जाणार हे ठरलेले आहे, दिली तर भूखंड मिळेल आणि न दिली तर सक्तीने जाईल, असे सांगून घेतलेल्या सहीला संमती म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे. सौद्यात ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते. ती नसेल, तर ती किती टक्के लोकांनी वापरली नाही हे मोजून काय मिळणार? आणि एवढ्या संख्येने लोक चांगल्या मोबदल्याला तयार होतात, हे जर सरकारला आता दिसले आहे, तर आधी बोलणे आणि मग मोजणी हा क्रम पहिल्या दिवशी का ठेवता आला नाही? लाठी पडली ती उलट्या क्रमामुळे पडली.

मोबदल्याचेही पाहा. बाजारमूल्य ठरवताना आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांचा आधार घेतात. ज्या शिवारावर दहा-पंधरा वर्षे आरक्षण किंवा शिक्का आहे, तेथे खरेदी-विक्री थंडावलेली असते. जो फार अडला आहे तोच मिळेल त्या भावाने विकतो. मग त्याच पडलेल्या भावावरून शेजाऱ्याचा मोबदला ठरतो. म्हणजे घेणाऱ्यानेच आधी वस्तूचा भाव पाडला आणि मग पडलेल्या भावाच्या पटीत पैसे देऊन उदारपणा दाखवला. कोणत्याही आडत्याने असा व्यवहार केला असता तर आपण सभागृहात त्याच्यावर लक्षवेधी मांडली असती.

कायद्याची भाषाही किती सहज सरकारच्या बाजूला कलते, याचा एक नमुना मला विसरता येत नाही. २०१३ च्या कायद्यातील कलम २४ मध्ये जुनी संपादने रद्द होण्याची तरतूद होती: मोबदल्याचा निवाडा होऊन पाच वर्षे उलटली आणि जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेतलेला नाही किंवा मोबदला दिलेला नाही, तर ते संपादन संपले. संसदेने ‘किंवा’ लिहिले होते. मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो ‘किंवा’ ‘आणि’ असा वाचला. ताबाही नाही आणि पैसाही नाही, अशी दोन्ही दुर्दशा एकत्र आली तरच संपादन रद्द होईल, असा अर्थ ठरला. एका अव्ययाच्या या बदलाने देशभरातल्या शेतकऱ्यांचे दावे कोलमडले. न्यायालयाचा निर्णय मी मानतो, पण कायदा करणारे आपण आहात. पुढच्या वेळी शब्द असे निवडा की मालकाचा हक्क एका अव्ययावर लटकणार नाही.

याच न्यायालयाचा सूर अलीकडे बदललेला दिसतो आणि त्यातून मला धीर येतो. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने अनुच्छेद ३०० क मधून मालकाचे सात हक्क उलगडून दाखवले. संपादनाची सूचना मिळणे, म्हणणे ऐकले जाणे, कारणांसह निर्णय कळणे, संपादन केवळ सार्वजनिक प्रयोजनासाठी असणे, वाजवी मोबदला, प्रक्रिया विनाविलंब चालणे आणि ती शेवटास जाणे. यातला शेवटचा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शिक्क्याखाली जगणाऱ्या माणसाला हवा असतो तो शेवट, मग तो कोणताही असो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९ (ख) खाली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटता येणारी संपत्ती, ठरत नाही. ते प्रकरणही आपल्याच राज्यातले, मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या मालकांचे, १९९२ पासून न्यायालयात असलेले. चारही बाजूंनी महाराष्ट्रच प्रतिवादी म्हणून उभा राहावा, याची आपणा सर्वांना खंत वाटायला हवी.

आता माझ्या म्हणण्यावरच्या सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. रस्ता सरळ रेषेत जातो, जलवाहिनीला उतार पाहावा लागतो, आणि मधल्या एकाच मालकाने नकार दिला तर हजारोंची सोय अडते. चांदणी चौकात जागा ताब्यात येईपर्यंत वर्षानुवर्षे अडकलेल्या पुणेकरांना हा आक्षेप पटवून द्यावा लागत नाही, आणि मलाही तो खोटा वाटत नाही. जेथे मार्ग खरोखर एकच आहे, तेथे सक्तीचा अधिकार अगदी अरुंद स्वरूपात असावा, हे मी मान्य करतो. परंतु औद्योगिक वसाहत, टाऊनशिप, गोदामे, व्यापारी संकुल यांना एकच एक जागा लागत नाही. त्यांना स्वस्त जागा लागते. स्वस्तपणासाठी सक्ती वापरायची असेल, तर मुळशीच्या वेळचे सरकार आणि आपले सरकार यांत फरक कोणता सांगायचा? आणि जेथे सक्ती अटळ आहे तेथेही पैसा ताब्याच्या आधी खात्यावर जमा व्हावा आणि ठरलेल्या प्रयोजनासाठी जमीन पाच वर्षांत वापरली नाही, तर ती सरकारी भूमिकोशात न जाता मूळ मालकाकडे परत यावी. २०१३ च्या कायद्यातले कलम १०१ भूमिकोश आणि मूळ मालक या दोन्ही वाटा उघड्या ठेवते. निवड राज्याच्या हातात असेल, तर ती कोणाच्या बाजूने होईल हे वडिलांच्या फाइलने मला शिकवले आहे.

शहरातल्या आरक्षणांबाबत माझे म्हणणे आणखी सोपे आहे. दहा वर्षे ही पुरेशी मुदत आहे. ती संपताच आरक्षण आपोआप उठावे, तसा फेरफार तलाठ्याने किंवा नगर भूमापन अधिकाऱ्याने स्वतःहून घ्यावा, आणि मालकावर नोटिशीचे ओझे राहू नये. ज्या प्राधिकरणाला क्रीडांगण खरेच हवे आहे, ते दहा वर्षांत पैसे उभे करील. टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचाही याच न्यायाने विचार व्हावा, असे मी म्हणतो तेव्हा माझे काही पर्यावरणप्रेमी मित्र नाराज होतात. टेकड्या हिरव्या राहाव्यात असे मलाही वाटते. मी रोज सकाळी तेथेच फिरायला जातो. पण ज्या हिरवाईचा आनंद सबंध शहर घेते, तिचा खर्च पायथ्याच्या काही शेकडो कुटुंबांनी आठ टक्के टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, आश्वासनावर का सोसावा? शहराला टेकडी हवी असेल तर शहराने तिची किंमत द्यावी.

आपल्यापैकी कोणीही एक सदस्य येत्या अधिवेशनात या दोन दुरुस्त्यांसाठी अशासकीय विधेयक मांडू शकतो. त्याला पक्षाची परवानगी मिळणार नाही, असे मला अनेकांनी सांगितले. तरीही मांडावे, म्हणजे निदान कामकाजाच्या नोंदीत येईल की पुणे जिल्ह्यातून कोणी तरी हे म्हटले होते. मसुदा तयार करण्यासाठी लागणारी कलमे, निर्णय आणि माझ्या वडिलांच्या फाइलमधली पत्रे मी क्रमाने लावून ठेवली आहेत. आपल्या संपर्क कार्यालयात सोयीची वेळ दिल्यास मी ती घेऊन येईन.

आपला नम्र,
पुण्यातील एक खातेदार